सर्फिंगवरचा लघुपट: लाटा दिसतात, जागा दिसत नाही (मदत हवी आहे)

कर्नाटकात मुल्कीजवळ ससिहित्लूला, शांभवी आणि नंदिनी समुद्राला मिळतात तिथे, सर्फिंगवर १५ मिनिटांचा लघुपट चालू आहे. पाण्यात शिरलं की हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या) काचेवर आतून वाफ धरते. आणि एकापुढे एक लावलेले शॉट बघताना हा किनारा कुठलाही असू शकेल असं वाटतं. काय बदलावं?

प्रतिसाद १
वाफेचं कारण आत कोंडलेली दमट हवा. हाउसिंग किनाऱ्यावर नको, एसीच्या खोलीत बंद करा, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि उन्हात ठेवू नका. ओ-रिंगला (झाकणाच्या सांध्यातल्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस नुसती चकाकी येण्यापुरतंच. जास्त झालं की वाळू चिकटते, आणि एका कणानेही पाणी शिरतं. पहिली बुडी कॅमेऱ्याविना, आत टिश्यू पेपर ठेवून. बाहेरच्या थेंबांसाठी काचेच्या डोमला (लेन्ससमोरच्या घुमटाला) थुंकी चोळा आणि शॉटआधी डोम बुडवून वर काढा, म्हणजे पाण्याचा सलग पापुद्रा राहतो. काम झाल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून मगच उघडा, नाहीतर मीठ खाचेत सुकतं.

प्रतिसाद २
जागेसाठी कॅमेरा पाण्याबाहेर काढा. ब्रूस ब्राउनच्या 'द एंडलेस समर' या सर्फिंगवरच्या माहितीपटात (१९६६) दक्षिण आफ्रिकेतल्या केप सेंट फ्रान्सिसची लाट दिसण्याआधी वाळूच्या टेकड्या तुडवणं दिसतं. लाट एवढी लक्षात राहते ती त्या चालण्यामुळे.

तुमच्याकडे लाट नदीच्या गाळाने घडवलेली आहे. मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर पाणी उथळ होतं, लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर लाट फुटते. हे उंचावरून, ट्रायपॉडवर, एकाच चौकटीत दाखवा: नदी, दांडा, फेसाची रेघ. ओहोटीला आणि भरतीला तीच चौकट पुन्हा घ्या. मासेमारीच्या होड्या ये-जा करतात ती वाट आणि सर्फर आत जातात ती वाट एका शॉटमध्ये आली तर फार चांगलं, कारण गावाचं आणि सर्फिंगचं नातं तिथेच आहे.

धागाकर्ता
वेळ कोणती?

प्रतिसाद २
पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा असतो, लाटेचा चेहरा, म्हणजे किनाऱ्याकडची बाजू, गुळगुळीत राहतो आणि ऊन तुमच्या पाठीमागून थेट त्यावर पडतं. खारा (समुद्राकडून येणारा) वारा सुटला की पृष्ठभाग खडबडीत होतो. संध्याकाळी मात्र सूर्य लाटेच्या मागे जातो. ती उभी राहताना आरपार हिरवी दिसते. त्यासाठी सेकंदाला १०० फ्रेम, शटर १/२०० सेकंद, आणि एक्स्पोजर आकाशावर नाही, पाण्यावर बांधा.