मदत हवी आहे: बाबांना आतड्याचा कॅन्सर, घरच्या जेवणात काय बदलावं?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले, शेतकरी. बाबांना (वय ५८) मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन नागपूरला झालं. संडासातून रक्त जायचं, ते आम्ही वर्षभर मूळव्याध समजून झाडपाल्यावर काढलं. ते मनातून जात नाही.

आजी होती तोवर घरात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी असायची. आता रानडुकरांपायी ज्वारी पेरणंच सोडलं. सोयाबीन विकायचं, गहू-तांदूळ आणायचा. वर आठवड्यातून तीनदा मटण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस ‘बहुधा कॅन्सरकारक’ ठरवलं, त्यात बकऱ्याचं मटणही येतं. चोथ्याच्या धान्यानं धोका कमी होतो, हेही वाचलं.

बाबा म्हणतात, “आता खाऊन काय होते?” पण आम्ही दोघं भावंडं आहोत. डॉक्टरांनी आम्हाला चाळिशीत आतड्याची दुर्बिणीची तपासणी (कोलोनोस्कोपी) करायला सांगितली आहे.

ऑपरेशननंतर भाकर, पालेभाजी तुमच्याकडे कधी आणि कशी सुरू केली? मटण किती ठेवलं? आणि ही तपासणी यवतमाळात कुणी करून घेतली आहे का, खर्च किती आला?