उ: उजेडाचा हॉल आणि ओएलईडी

उजेडाच्या हॉलमध्ये ओएलईडी टीव्ही (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) नकोच, हे इथं एकानं मांडलेलं मत अर्धंच पटलं. ओएलईडीतही फरक आहे. बहुतेक क्यूडी-ओएलईडी (क्वांटम डॉटवाल्या) पॅनलवर पोलरायझर, म्हणजे बाहेरचा उजेड परत फिरू न देणारा थर, नसतो, त्यामुळे खिडकीचा उजेड पडला की काळा रंग करडा-जांभळट दिसतो. डब्ल्यू-ओएलईडीत (पांढऱ्या उजेडाच्या ओएलईडीत) काळा रंग दिवसाही बराच काळा राहतो.

आमच्या हॉलला पश्चिमेची गॅलरी, मे महिन्यात चारच्या सुमारास ऊन पार सोफ्यापर्यंत येतं. म्हणून व्हीए पॅनलचा (एलसीडीचाच एक प्रकार) मिनी-एलईडी, म्हणजे पडद्यामागे बारीक दिवे असलेला टीव्ही घेतला. दुपारची मॅच झकास दिसते, पण बाजूच्या दिवाणावरून रंग फिके पडतात आणि बाबांची जागा नेमकी तीच! बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) टीव्ही बघायला गेलात तर निट्सचे, म्हणजे पडद्याच्या उजेडाचे आकडे नंतर विचारा भाऊ, आधी टीव्ही बंद करायला लावा. काचेत ट्यूबलाइट किती स्पष्ट दिसते ते बघा, दुकानदारानं तोंड वाकडं केलं तरी.