शेफर्ड मिक्स कुत्रा सोलापूरहून बेलफास्टला न्यायचाय. लायसन, चिप, कागद, कुणाला माहितीय का?

जुळेसोलापूरचा_बाळू

नमस्कार मंडळी. अडकलोय म्हणून विचारतोय, चेष्टा नंतर करा.

थोरला भाऊ आणि वहिनी बेलफास्टला गेलेत नोकरीसाठी. त्यांचा कुत्रा राजा इथं आमच्याकडं आहे. पाच वर्षांचा. आई अस्सल शेफर्ड, बापाचं विचारू नका. अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब, पण संध्याकाळी फिरायला निघाला की ट्रॅक्टरसारखा ओढतो. आईचे गुडघे गेलेत, दादांना (म्हणजे वडिलांना) आवरत नाही, मी चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला. भाऊ म्हणतो, "दे पाठवून, इथं मोठं अंगण आहे." दे पाठवून म्हणे! कुरिअरवाला घेणार आहे का ओ?

तर प्रश्न असे. तिकडं कुत्र्याला लायसन लागतं का? गुगलवर एक जण म्हणतो ब्रिटनमध्ये लायसन कधीच बंद झालं, दुसरा म्हणतो लागतं. दुसरं, राजाला एकट्याला कार्गोनं पाठवता येतं का? भावाला रजा नाही. तिसरं, भावाचं ऑफिस डब्लिनलाही आहे, पुढंमागं तिकडं घर केलं तर परत सगळं नव्यानं करायचं का?

पार्कचौक_कट्टा

बाळू, आपल्या महापालिकेचं लायसन काढलंस का राजाचं? ते आधी सांग, मग बेलफास्टचं बघू 😄

जुळेसोलापूरचा_बाळू

काढतो की. तू तुझ्या पॉमेरियनचं दाखव आधी.

होटगीरोड_ते_न्यूरी

बाळूभाऊ, मी सांगते. माहेर होटगी रोडला, सध्या मुक्काम न्यूरी. बेलफास्टहून डब्लिनच्या रस्त्याला लागलं की सीमेच्या अलीकडचं हे शेवटचं मोठं गाव, पुढं थोड्या वेळात रिपब्लिक ऑफ आयर्लंड लागतं. आमची चिंगी सोलापूरचीच, शुद्ध गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. तिला इथं आणलीय, त्यामुळे या कागदांतून मी गेलेय.

तुम्ही वाचलेलं दोन्ही खरं आहे, पण दोन वेगळ्या बेटांबद्दल. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स असलेलं जे मोठं बेट आहे तिथलं कुत्र्याचं लायसन १९८७ साली बंद झालं. फी होती ३७ पेन्स. एवढ्याशा पैशासाठी वसुलीचा गाडा कोण ओढणार! आता तिकडं चिप (कातडीखाली बसवायची ओळख-नंबराची मायक्रोचिप) सक्तीची आहे, लायसन नाही. बेलफास्ट मात्र आयर्लंड बेटावर, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये येतं, आणि इथं लायसन अजून आहे. दरवर्षी काढायचं, आपल्या कौन्सिलकडून, म्हणजे भावाला बेलफास्ट सिटी कौन्सिलकडून. फी साडेबारा पौंड. नसबंदी झालेली असेल तर पाच. मालक पासष्टच्या पुढचा असेल तर एका कुत्र्याचं फुकट. २०१२ पासून चिप नसेल तर लायसनच देत नाहीत. गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता पाहिजेच.

आता याच बेटाच्या दक्षिणेला, डब्लिनच्या बाजूला, देश वेगळा म्हणून लायसनही वेगळं. वर्षाला वीस युरो, नाहीतर कुत्र्याच्या आयुष्यभराचं एकदाच १४० युरो. म्हणजे भावानं डब्लिनला घर केलं तर लायसन नवं काढायचं. चिप तीच राहते, फक्त नोंद आणि पत्ता बदलून घ्यायचा.

पण भाऊ, लायसन हे शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम आहे. दहा मिनिटांत होतं. खरा घोळ त्याच्या आधी आहे, आणि तो पैशाचा कमी, तारखांचा जास्त. क्रम असा, आणि तो उलटा करता येत नाही:

आधी चिप. पंधरा आकडी, आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाची. चिप बसल्यावर रेबीजची लस, त्याच दिवशी चालते, पण चिपच्या आधीची लस मोजत नाहीत, मग ती कितीही नियमित दिलेली असो. लसीनंतर किमान तीस दिवस थांबून रक्त काढायचं, टायटर टेस्टसाठी, म्हणजे लसीनं रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी किती तयार झाल्या ते मोजायला. ते युरोपीय संघानं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासलं गेलं पाहिजे आणि आकडा ०.५ च्या खाली चालत नाही. टेस्ट पास झाली तरी रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने कुत्रं निघू शकत नाही. रिपोर्ट लवकर आला म्हणून काही फरक पडत नाही, तारीख रक्ताची धरतात.

म्हणजे आज ठरवलं तरी चार महिने गेलेच. तेही सगळं सुरळीत झालं तर. त्या काळात लसीची मुदत संपू द्यायची नाही, संपली की पुन्हा पहिल्यापासून.

कार्गोचं. कुत्रं एकटं पाठवता येतं का, तर येतं, पण मग ते "पाळीव प्राणी मालकासोबत" या सोप्या नियमात बसत नाही. मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यांत पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं की ती व्यापारी वाहतूक धरतात, तिचे कागद वेगळे आणि खर्च भलताच. भाऊ स्वतः आला नाही, तर त्यानं लेखी अधिकार दिलेला माणूस, उदाहरणार्थ तुम्ही, राजाला नेऊ शकता. पण भावाचा प्रवास त्या पाच दिवसांत झालाच पाहिजे. त्यामुळे रजेचं नाटक बंद करायला सांगा. एक आठवडा काढा म्हणावं.

विजापूररोड_क्लिनिकवाला

ताईंनी क्रम बरोबर सांगितलाय. मी प्राण्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, रोज लसीची पुस्तकं भरतो. एवढंच सांगतो की लसीच्या पुस्तकात बॅच नंबरचं स्टिकर, लस दिल्याची तारीख, मुदत कधीपर्यंत आणि चिपचा नंबर, चारही गोष्टी पाहिजेत. शिबिरात दिलेल्या लसीचं कितीदा नुसतं "दिली" एवढंच लिहिलेलं असतं. ते पुस्तक सोलापुरात चालतं, बाहेर नाही. चिप घातल्या घातल्या डॉक्टरांना म्हणा स्कॅन करून दाखवा, आणि मशीनवरचा नंबर स्वतः पुस्तकात उतरवा. एक शून्य इकडचं तिकडं झालं की तिकडं विमानतळावर तो कुत्रा तुमचा नव्हेच.

आणि पिंजरा आत्ताच घ्या. राजाला त्यात उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. घरात ठेवून रोज त्यातच जेवण द्या. दांडग्या कुत्र्याला ऐनवेळी पिंजऱ्यात घालायला गेलं की तो आख्खं घर डोक्यावर घेतो.

जुळेसोलापूरचा_बाळू

ताई, लई आभार. मला वाटलं होतं लायसन काढलं की झालं!

अजून विचारतो. राजाला शेवटची लस जूनमध्ये दिली, चिप नाही. म्हणजे ती लस वाया गेली का? आणि शेफर्ड आहे म्हणून तिकडं काही बंदीबिंदी? वहिनी म्हणत होत्या तिकडं काही जातींना परवानगीच नाही.

होटगीरोड_ते_न्यूरी

रेबीजपासून राजाचं रक्षण करायला ती लस आहेच. कागदांसाठी मात्र ती धरत नाहीत. डॉक्टरांना विचारून चिप बसवा आणि लस परत द्या.

जातींचं. बेलफास्टला शेफर्ड बिनधास्त. तिथं बंदी आहे ती पिटबुल, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो यांच्यावर, आणि २०२४ पासून एक्सएल बुलीवर. सीमेच्या खाली मात्र यादी निराळी. रिपब्लिकमध्ये जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर हे "मर्यादित" जातींत येतात, आणि मिक्सही त्यातच धरतात. त्यामुळे बाप कोण हा प्रश्न तिथं कुणी विचारणार नाही, आई पुरेशी आहे. सार्वजनिक जागी तोंडाला मुसकं, दोन मीटरपेक्षा आखूड भक्कम पट्टा, आणि तो धरणारा सोळा वर्षांच्या वरचा, कुत्र्याला आवरू शकेल असा.

आमच्या शेजारणीकडं ब्रूनो नावाचा शेफर्ड आहे. रविवारी आम्ही दोघी कुत्री घेऊन कार्लिंगफर्डला जातो, ते रिपब्लिकमध्ये येतं. सीमेवर ना गेट ना पोलीस. फलकावरचे मैल जाऊन किलोमीटर येतात, तेवढंच. तिथं ती गाडी कडेला घेते, डिकीतून मुसकं काढते आणि ब्रूनोच्या तोंडाला बांधते. येताना तिथंच सोडते. ब्रूनोला आता ती जागा पाठ झालीय, गाडी हळू झाली की तोंड पुढं करतो. चिंगीकडं कुणी बघतही नाही. आमच्या जातीची यादीच अजून कुणी केलेली नाही.

मेंढ्यांचं मात्र भावाला नीट समजावून सांगा. इथं जिकडं बघाल तिकडं मेंढ्या, आणि कुत्रं मेंढ्यांच्या मागं लागलं तर शेतकऱ्याला गोळी घालायची कायद्यानं सोय आहे. आपल्याकडं धनगरांच्या कळपामागं कुत्रं धावलं तर एक धोंडा बसतो आणि चार शिव्या. इथं तसं नाही. राजा एवढा ओढत असेल तर शेतांच्या बाजूला पट्टा अजिबात सोडायचा नाही.

पार्कचौक_कट्टा

एवढे नियम? एका कुत्र्याला? आपल्याकडं बघा, सात रस्त्याला रात्री दहानंतर मोकाट कुत्र्यांमुळं गाडी न्यायची सोय नाही.

होटगीरोड_ते_न्यूरी

म्हणूनच एवढे नियम आहेत. या बेटांवरच्या कुत्र्यांत रेबीज उरलेला नाही, आणि तो परत येऊ नये यासाठी सगळा खटाटोप. २०१२ च्या आधी भारतातून ब्रिटनला नेलेल्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागायचे. त्या मानानं चार महिने आपल्या अंगणात काढणं बरं. आपल्याच लक्षद्वीपला तर कुत्रं न्यायलाच मनाई आहे, म्हणून तिथं रेबीज नाही.

बेटं म्हटलं की प्रत्येकाची चूल वेगळी. इंग्लिश खाडीत जर्सी नावाचं बेट आहे, तिथं दर जानेवारीत आपापल्या पॅरिशमधून (तिथला स्थानिक विभाग) कुत्र्याचं लायसन घ्यावं लागतं. तिथून जवळच सार्क म्हणून अगदी चिमुकलं बेट. २००८ पर्यंत तिथं नसबंदी न केलेली कुत्र्याची मादी पाळायचा हक्क फक्त बेटाच्या जमीनदाराला होता. कबुतरं पाळायचाही त्यालाच. आमच्या आजोळच्या पाटलाला हे कळलं असतं तर त्यानंही ठराव करून घेतला असता.

जुळेसोलापूरचा_बाळू

😂 भावाला फोन केला. आधी चिडला, मग म्हणाला फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा बघतो. आता विमानाचं सांगा ताई. मुंबईहून बेलफास्ट थेट आहे का? आणि सोलापूरहून मुंबईला कसं न्यायचं?

होटगीरोड_ते_न्यूरी

थेट नाही. मी चिंगी डब्लिनला उतरवली, दुबईमार्गे. लंडनवरून नेलं तर ब्रिटनचे वेगळे कागद करावे लागतात, तो फेरा टाळा. कुठली कंपनी कुत्रं नेते आणि कसं नेते ते तिकीट काढायच्या आधी त्यांच्याकडून लेखी घ्या. डब्लिन विमानतळाला आगाऊ कळवून तपासणीची वेळ ठरवावी लागते. तिथं चिंगीच्या मानेवरून स्कॅनर फिरवला आणि बाईंनी एकेक आकडा मोठ्यानं वाचत माझ्या कागदाशी पडताळला, पंधराच्या पंधरा. वरचे क्लिनिकवाले दादा उगीच सांगत नाहीत. तिथून पुढं बेलफास्टपर्यंत रस्ता, कुठं अडवत नाहीत.

निघायच्या आधी मुंबईत केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइनकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं, ते दहा दिवसच चालतं. आणि पोचायच्या आधी चोवीस ते एकशेवीस तासांच्या मध्ये डॉक्टरांसमोर पट्टकृमीचं औषध, त्याची वेळ-तारीख प्रमाणपत्रावर. हे औषध लोक हमखास विसरतात, कारण आपल्याकडं त्याला कुणी महत्त्व देत नाही. आयर्लंडमध्ये ते सक्तीचं आहे.

मुंबईपर्यंत गाडी करून न्या. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे तुमच्या नावावर पाहिजे, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. राजाला त्या पेटीत घालू नका.

विजापूररोड_क्लिनिकवाला

मार्चच्या पुढं ढकलू नका. आपल्याकडचा एप्रिल-मे माहितीय ना? उन्हाळ्यात बऱ्याच विमान कंपन्या प्राणी घेतच नाहीत. आत्ता ऑक्टोबर सुरू आहे. या आठवड्यात चिप आणि लस, नोव्हेंबरच्या मध्याला रक्त, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यानंतर मोकळे.

जुळेसोलापूरचा_बाळू

शनिवारी सकाळी पहिली शिफ्ट नाही. राजाला घेऊन येतो दवाखान्यात. दोन माणसं लागतील धरायला, पार्कचौकवाल्या, तू पण ये बे, चहा माझ्याकडं.

पार्कचौक_कट्टा

येतो. भजी पण पाहिजेत. आणि तिथनंच महापालिकेत जाऊ, दोघांचीही लायसनं काढून टाकू एकदाची.