मदत हवी आहे : पैलवान पुतण्याच्या कोणत्या पोस्टवर ‘जाहिरात’ असे लिहावे लागेल?

माझा पुतण्या कोल्हापुरातील एका तालमीत राहून कुस्ती करतो आणि इन्स्टाग्रामवर जोर-बैठकांच्या, दोर चढण्याच्या व मॅटवरील लढतींच्या चित्रफिती टाकतो. त्या पाहणाऱ्यांत इतर तालमींतील शाळकरी मुले पुष्कळ आहेत, हे खालच्या प्रतिसादांवरून सहज कळते. अलीकडे त्याला कंपन्यांचे निरोप येऊ लागले आहेत. तो दोन्ही वेळच्या मेहनतीत अडकलेला असल्यामुळे त्यांच्याशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि मी शिक्षकी पेशातला असल्यामुळे जाहिरातीच्या व्यवहारात मला गती नाही. येथील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिला विषय प्रोटीन पावडर बनवणाऱ्या एका कंपनीचा आहे. ती दरमहा डबे मोफत पाठवणार, त्याच्या नावाचा सवलतीचा कोड देणार आणि त्या कोडवरून होणाऱ्या विक्रीवर टक्केवारी देणार. हा आर्थिक संबंध जाहीर करावा लागेल याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती तो कसा जाहीर करायचा याची. कंपनीच्या प्रतिनिधींचे म्हणणे असे की, प्रोफाइलच्या परिचयात ‘ब्रँड अँबॅसिडर’ लिहिले आणि मजकुराच्या शेवटी इतर हॅशटॅगांत ‘पार्टनर’ हा एक मिसळला, की काम झाले.

मी जे वाचले ते याच्या नेमके उलट आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे अ‍ॅस्कीची, समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीची (इन्फ्लुएन्सरसाठीची) मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. त्यांच्यानुसार केवळ परिचयात केलेला उल्लेख पुरेसा नाही, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेला शब्द चालत नाही आणि ‘आणखी पाहा’ दाबल्यावर दिसणारी सूचनाही चालत नाही. चित्रफीत १५ सेकंदांपर्यंतची असेल तर सूचना किमान ३ सेकंद पडद्यावर राहिली पाहिजे. त्याहून मोठी पण दोन मिनिटांच्या आतली असेल तर एकूण वेळेच्या एक तृतीयांश. आणि दोन मिनिटे वा अधिक असेल तर उत्पादनाचा उल्लेख ज्या भागात आहे तो संपूर्ण भाग. ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध केलेली पुस्तिका आणखी पुढे जाते : चित्रफितीत सूचना दिसलीही पाहिजे आणि ऐकूही आली पाहिजे, आणि ती जाहिरातीच्याच भाषेत हवी. पुतण्या मराठीत बोलतो, म्हणून ‘जाहिरात’ हाच शब्द पडद्यावर आणि तोंडी यावा, असे मी समजतो. हे समजणे योग्य आहे का?

खरी अडचण पुढे आहे. शहरातील खेळसाहित्याच्या एका दुकानदाराने त्याला कुस्तीचे बूट आणि ट्रॅकसूट दिले आहेत. करार नाही, अट नाही, ‘पोरगं आपलं आहे’ एवढ्याच भावनेने दिलेली ती मदत आहे. परंतु ट्रॅकसूटच्या पाठीवर दुकानाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि पुतण्या रोज तोच घालून सराव करतो. म्हणजे त्याची प्रत्येक चित्रफीत जाहिरात झाली का? तसे मानले तर ‘जाहिरात’ हा शब्द त्याच्या खात्यावर इतक्या वेळा येईल की कोणी त्याकडे लक्षच देणार नाही, आणि मग जिथे तो खरोखर हवा तिथेही तो वाया जाईल.

याशिवाय एका साखर कारखान्याकडून त्याला मानधन मिळते. वर्षातून काही वेळा, विशेषतः मोठी कुस्ती मारल्यावर, तो कारखान्याचे आणि अध्यक्षांचे आभार मानणारी पोस्ट टाकतो. आपल्याकडे ही रीतच आहे आणि न मानले तर कृतघ्न ठरेल. ही पोस्ट जाहिरात ठरते का, की केवळ आभार?

शेवटची शंका जुन्या पोस्टविषयी आहे. कोड मिळण्यापूर्वी त्याने त्याच कंपनीच्या मोफत आलेल्या डब्यासह दोन छायाचित्रे टाकली होती. त्यांचे काय करावे?

प्रतिसाद – कृष्णाकाठ

आपण वाचलेले नियम बरोबर आहेत आणि कंपनीचे प्रतिनिधी चुकीचे सांगत आहेत. ‘अँबॅसिडर’ या शब्दाला थोडी सवलत आहे, पण ती जागा अपुरी असलेल्या ट्विटरसारख्या माध्यमांवर, आणि तीही कंपनीच्या नावाला जोडून लिहिल्यास. इन्स्टाग्रामच्या चित्रफितीला ती लागू करता येणार नाही. इन्स्टाग्रामची स्वतःची ‘सशुल्क भागीदारी’ दाखवण्याची सोय जरूर वापरावी. मात्र अ‍ॅस्कीच्या मते ती आपल्या सूचनेच्या जोडीला असावी, तिच्या ऐवजी नव्हे.

बुटांचा प्रश्न आपण नेमका पकडला आहे. खेळाडूंच्या बाबतीत सगळी गुंतागुंत इथेच होते, कारण अभिनेता साबण हातात घेतो तेव्हा तो जाहिरात करतो आहे हे उघड असते, खेळाडू मात्र प्रायोजकाला अंगावर घालूनच कामाला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याचे सूत्र आहे. समर्थन करणारा, म्हणजे वस्तूची शिफारस करणारा, आणि व्यापारी यांच्यात असा संबंध असेल की ज्यामुळे समर्थनाच्या विश्वासार्हतेवर परिणाम होऊ शकतो, आणि तो संबंध प्रेक्षकाला सहज अपेक्षित नसेल, तर तो पूर्णपणे उघड करावा. यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात : समर्थन आहे का, आणि संबंध प्रेक्षकाच्या ध्यानात आपोआप येतो का.

ब्रिटनमध्ये या दुसऱ्या मुद्द्यावर फुटबॉलपटू वेन रूनी याच्याच दोन ट्वीटवर दोन वेगळे निकाल लागले. २०१२ मध्ये त्याने आणि जॅक विल्शर याने नववर्षाच्या संकल्पाच्या रूपात नायकेच्या मोहिमेचा हॅशटॅग व दुवा असलेली ट्वीट केली. तेथील जाहिरात नियामकाने ती जाहिरात म्हणून पुरेशी ओळखू येत नाहीत असे ठरवून मोहिमेच्या विरोधात निर्णय दिला. पुढच्या वर्षी रूनीच्या दुसऱ्या ट्वीटवर तक्रार आली, परंतु त्यात नायके फुटबॉलचा उल्लेख ठळक होता आणि वाक्यही उघडपणे जाहिरातीच्या भाषेतले होते, म्हणून ती तक्रार फेटाळली गेली. खेळाडू तोच, कंपनी तीच. फरक पडला तो वाचणाऱ्याला एका नजरेत काय कळते यामुळे. भारतीय नियम ब्रिटिश निकालांना बांधील नाहीत, आणि शब्दाने सूचना देण्याबाबत आपले नियम अधिक कडक आहेत, तरी विचाराची दिशा म्हणून ही उदाहरणे उपयोगी पडतील.

तेव्हा माझे मत असे. ट्रॅकसूट घालून केलेल्या सरावाच्या चित्रफितीत पुतण्या दुकानाबद्दल काही बोलत नसेल, दुकानाला टॅग करत नसेल आणि कॅमेरा मुद्दाम पाठीवर नेत नसेल, तर ते समर्थन नाही. ज्या दिवशी तो ‘हे बूट मॅटवर चांगले पकडतात’ असे म्हणेल किंवा दुकानाचा पत्ता देईल, त्या दिवशी सूचना हवीच. करार नाही, अट नाही, याने फरक पडत नाही. मोफत वस्तू अटीसह असो वा विनाअट, तो आर्थिक संबंधच मानला जातो. उलट, त्याने स्वतःच्या पैशाने बूट घेतले असते आणि आवडले म्हणून सांगितले असते, तर काहीच लिहावे लागले नसते.

कारखान्याच्या बाबतीत मी फार चिंता करणार नाही. हे नियम वस्तू व सेवांच्या समर्थनासाठी आहेत, आणि आभाराच्या पोस्टमध्ये कोणाला काही विकत घ्यायला सांगितले जात नाही. शिवाय ‘अमुक कारखान्याचा मानधनधारक मल्ल’ हे शब्द, जे आपल्याकडे कुस्तीच्या पत्रकावर पूर्वापार छापले जातात, संबंध स्वतःच उघड करतात. तेच आभाराच्या पहिल्या ओळीत लिहावेत. कारखान्याच्या साखरेची पिशवी हातात घेऊन छायाचित्र काढायला सांगितले, तर मात्र प्रकरण बदलेल.

प्रतिसाद – मूळ लेखक

मनःपूर्वक आभार. आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. कंपनीने बोलण्यासाठी जो मजकूर पाठवला आहे, त्यात ‘मी रोज हीच पावडर घेतो आणि तीन महिन्यांत माझी ताकद दुप्पट झाली’ असे वाक्य आहे. वस्तुस्थिती अशी की वस्तादांचा या पावडरीला विरोध आहे. त्याचा खुराक दूध, तूप आणि बदामाची थंडाई हाच आहे, आणि मोफत आलेले डबे खोलीत तसेच पडून आहेत. प्रतिनिधी म्हणतात की सगळेच खेळाडू असे बोलतात आणि ‘जाहिरात’ लिहिल्यावर प्रश्न उरत नाही.

प्रतिसाद – ग्राहकमित्र

प्रश्न उरतो, आणि तो मोठा आहे. सूचना फक्त पैशाचा संबंध सांगते. खोटे विधान तिने खरे होत नाही. समर्थन करणाऱ्याने ती वस्तू प्रत्यक्ष वापरलेली असली पाहिजे, हे सरकारी पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २१ नुसार खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल समर्थकालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत समर्थन करण्यास बंदी येऊ शकते. याच कलमात, दाव्याच्या खरेपणाची योग्य ती खातरजमा केलेल्या समर्थकाला दंडातून संरक्षण आहे. ‘ताकद दुप्पट’ याचा पुरावा कंपनीकडे लेखी मागावा. उत्तर काय येते यावरून बरेच कळेल.

‘सगळेच करतात’ यावर विसंबू नये. अ‍ॅस्कीच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात, पुरेशी खातरजमा न करता केलेल्या जाहिरातींच्या यादीत महेंद्रसिंग धोनी १० जाहिरातींसह सर्वांत वर होता. सूचना न देण्याची किंमतही काही खेळाडूंनी मोजली आहे. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर याने आभासी चलनाच्या विक्रीचा प्रचार करताना घेतलेले पैसे लपवले, म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाशी तडजोड करताना त्याला घेतलेले तीन लाख डॉलर व्याजासह परत करावे लागले आणि तेवढाच दंड वेगळा भरावा लागला. तो कायदा वेगळा आहे, पण ‘खेळाडूला कोण विचारतो’ या समजुतीला ते उत्तर आहे.

पावडर त्याने घ्यायची ठरवलीच तर वस्तादांचे आधी ऐकावे. उत्तेजक चाचणीत काही आढळले तर डब्यावर काय छापले होते हा बचाव पुरत नाही. शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

ग्राहकमित्र यांच्याशी पूर्ण सहमत. जुन्या दोन छायाचित्रांबद्दल : डबे मोफत आले होते, म्हणून संबंध तेव्हाही होताच, कोड नंतर मिळाला एवढेच. इन्स्टाग्रामवर जुन्या पोस्टचा मजकूर बदलता येतो, पण छायाचित्रावर शब्द उमटवता येत नाही, आणि सूचना छायाचित्रावरच दिसावी अशी अपेक्षा आहे. त्यामुळे ती काढून टाकणे सोपे. तो पावडर घेतच नसेल, तर तीच पोस्ट सूचनेसह पुन्हा टाकण्याचाही प्रश्न येत नाही.

कंपनीशी पुढे बोलायचेच असेल तर तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात : सूचनेचा शब्द, जागा आणि वेळ पुतण्या ठरवील व कंपनी ती काढायला सांगणार नाही, बोलण्याचा मजकूर त्याचा स्वतःचा असेल, आणि प्रत्येक दाव्याचा आधार कंपनी लेखी देईल. या अटींना नकार आला तर डबे परत पाठवून पोच घ्यावी. दुकानदारांना मात्र एकदा प्रत्यक्ष भेटून सांगा की, त्यांचे नाव घेतले जाईल त्या पोस्टवर ‘जाहिरात’ असे लिहिलेले असेल; नाहीतर अचानक तो शब्द पाहून त्यांना वाईट वाटायचे.