थोडी सुट्टी, पुष्कळ शहरं: जपान रेल्वेने फिरलेल्यांनो, लिहा

दिवाळीच्या सुट्टीत जपानला जायचं आमच्या दादरच्या ग्रुपमध्ये घाटतंय. सुट्टी जेमतेम, यादी मात्र टोकियोपासून हिरोशिमापर्यंत. ज्यांनी हे रेल्वेने केलंय त्यांनी सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझं मत ठाम आहे: शहरं हवी तेवढी बघा, मुक्काम दोनच ठिकाणी करा. आम्ही मागे गेलो तेव्हा टोकियो आणि ओसाका धरलं. ओसाकाहून क्योतो साध्या जलद गाडीने अर्ध्या तासात, हिमेजी तासाभरात. हिमेजी स्टेशनाबाहेर आलं की सरळ रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला! आत बूट काढून पिशवीत घालायचे, पिशवी हातात, आणि जवळजवळ उभ्या लाकडी जिन्याने वर. गुळगुळीत पायऱ्यांवर मोजे सटकतात, कठडा सोडू नका. संध्याकाळी ओसाकात परत. रोज बॅगा भरत बसलो असतो तर यातलं निम्मंही झालं नसतं.

ठाण्याहून:
ताई, अगदी पटलं. पासचं गणित मात्र आधी करा. सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास, ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाला. टोकियो-क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण १४ हजार. म्हणजे टोकियो-क्योतो-ओसाका एवढंच करणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त. शिवाय सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीला पासवर जास्तीचे पैसे पडतात.

गिरगावातून:
आई-बाबांना घेऊन गेलो होतो. बॅगांची चिंता करू नका, हॉटेलच्या काउंटरवर दिल्या की कुरियरने बहुतेक दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचतात. एका रात्रीचे कपडे तेवढे पाठीवर ठेवा. टोकियो-ओसाका मार्गावरच्या शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर बॅगेसाठी वेगळी जागा राखून ठेवावी लागते, तेही टळतं.
शाकाहाऱ्यांनो, सूपमध्ये आणि सॉसमध्ये माशांचा अर्क असतो, भाज्यांच्या पदार्थातसुद्धा. आईने मेतकूट नेलं होतं. तयार भाताचं पाकीट दुकानातच गरम करून देतात. प्रवासभर तिचं जेवण त्यावर निभावलं आणि ती खूश होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बोरिवलीहून:
दोनच मुक्काम हे मला मान्य नाही. कानाझावा शहराला एक रात्र द्याच. संध्याकाळी पाच-सहानंतर सहलीचे लोक पांगतात आणि जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्यांमधून निवांत चालता येतं. ते सुख दिवसाच्या धावत्या भेटीत नाही. क्योतोहून जाताना आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते, कारण मार्च २०२४ मध्ये शिनकानसेन तिथपर्यंत आली. खालच्या फलाटावर उतरायचं आणि सरकत्या जिन्यांनी वर शिनकानसेन गाठायची. मधे मिनिटं थोडीच असतात, पण पाट्या स्पष्ट आहेत आणि सगळी गर्दी एकाच दिशेने जाते. आपण दादरचा पूल रोज चढणारी माणसं, सहज जमतं.

मुलुंडहून:
फुजी बघायचा असेल तर टोकियो-क्योतो गाडीत साध्या वर्गात ‘ई’ सीट मागा, जाताना आणि येतानाही. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास खिडकी सोडू नका.