पंधरा दिवसांची सुई: सोय कुणाची?

खिडकीपाशी:
भावाला स्किझोफ्रेनिया आहे, १२ वर्षं झाली. गोळी गालात दडवायचा, नंतर तुळशीच्या कुंडीत सापडायची. मग आई वरणात कालवू लागली. आता डॉक्टरांनी रिस्पेरिडोन या औषधाची सूक्ष्मगोलांची सुई सुचवली आहे, दर १५ दिवसांनी एक. बारीक मण्यांत औषध कोंडलेलं असतं आणि मणी स्नायूत सावकाश विरघळतात. माझं स्पष्ट मत: ज्या घरात रोज गोळीवरून महाभारत होतं, तिथे ही सुई सुरुवातीलाच द्यावी. सगळं करून थकल्यावर कशाला?

औषधदुकानदार:
सुई टोचली की काम झालं असं नाही हो. तिचं औषध खऱ्या अर्थाने तिसऱ्या आठवड्यानंतर सुटायला लागतं. तोवर गोळ्या चालूच. म्हणजे तुमचं वरण काही चुकत नाही! शिवाय किंमत. याच आजारावरची जुनी सुई, तिळाच्या तेलातलं हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट, कितीतरी स्वस्त पडते.

खिडकीपाशी:
ते घेऊन बघितलंय. मान आखडायची, हाताला कंप. चहाचा कप धरता येईना.

कन्या_प्रयोगशाळा:
थोडी भर. हे मणी पीएलजीए नावाच्या पॉलिमरचे, विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्याच कुळातले. शरीरात त्यांचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं. पॉलिमर झिजल्याशिवाय औषध बाहेर येत नाही, म्हणून तो उशीर. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ल्युप्रोलाइड नावाच्या औषधाचे असेच मणी अमेरिकेत १९८९ला मंजूर झाले. तिथे वाद नव्हता, कारण त्या औषधाचा दुसरा पर्याय रोज सुईचा होता. इथे दुसरा पर्याय गोळी आहे, म्हणून ती तुलना इथे लावू नये. (रिस्पेरिडोनच्याच जवळच्या पॅलिपेरिडोन या औषधाची महिन्याची सुई येते ती मण्यांची नाही, अगदी सावकाश विरघळणाऱ्या बारीक स्फटिकांची. दोन्हींत गल्लत होते.)

मीच_तो_पेशंट:
सगळे सोयीचं बोलताय. सोय कुणाची? मला हीच सुई दिली होती. पायात किडे वळवळल्यासारखं व्हायचं, एका जागी बसवेना. गोळी असती तर बंद करून बघितली असती. सुई काढून घेता येत नाही. शेवटच्या सुईनंतरही औषध ४ ते ६ आठवडे अंगात राहिलं. ते दिवस मी घरात येरझाऱ्या घालून काढले. आणि वरणात औषध कालवणं ही सरळ फसवणूक आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा संमतीचं बोलतो, तो आमच्यासाठीच आहे.

खिडकीपाशी:
तुम्ही रात्री २ वाजता पोलीस स्टेशनला भावाला शोधायला गेला नाहीत कधी.

मीच_तो_पेशंट:
नाही. मी सापडणारा होतो.

खिडकीपाशी:
...बरं. माझं शेवटचं वाक्य आगाऊ होतं. पण सुई नकोच, हे तुमचं मला अजून पटत नाही.

मीच_तो_पेशंट:
नकोच म्हणत नाही मी. आधी तेच औषध गोळीतून उघडपणे द्या, सोसतं का बघा. मग त्याला विचारून सुई. तो हो म्हणाला तर मी कोण आडवा येणार?

औषधदुकानदार:
हे मान्य, पुस्तकातही असंच आहे. फक्त फ्रिजचं बघा: २ ते ८ अंश. बाहेर २५ अंशांपर्यंत ७ दिवस चालते म्हणतात, पण मे महिन्यात आमच्या अकोल्यात २५ अंश कुठून आणू?