केंब्रिजच्या आडवाटा – तुम्हाला काय काय सापडलं?

भातुकली
काल शनिवार पेठेत चुलतसासूबाईंकडे गेले होते. त्यांच्या मागच्या बोळात पेशव्यांच्या कात्रजच्या नळाचा एक उच्छ्वास (नळातली हवा सोडायचा दगडी मनोरा) अजून तग धरून आहे. त्यावर कोणीतरी पंचा वाळत घातला होता. तो बघून मला एकदम केंब्रिज आठवलं. हसू नका, सांगते.

नात तीन महिन्यांची असताना लेकाकडे पाच महिने राहिले होते. सुनेचा प्रबंध संपत आलेला, त्यामुळे सकाळी दहा ते एक मी आणि बाबागाडी गावभर. किंग्ज कॉलेजचं चॅपल, होडी वगैरे पहिल्याच आठवड्यात उरकलं. मग नुसतं भटकणं. ट्रम्पिंग्टन स्ट्रीटला रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडी पन्हळीतून पाणी वाहतं. मी मनात म्हटलं, एवढं विद्यापीठ आणि उघडी गटारं! आणि तेवढ्यात गाडीचं पुढचं चाक त्यात गेलं. नात झोपेतून उठून भोकाड.

एक आजोबा सायकल टाकून धावत आले. चाक काढलं आणि मग अर्धा तास हलले नाहीत. म्हणाले, बाई, हे गटार नव्हे, हे आमचं एके काळचं पिण्याचं पाणी. १६१०-१४ च्या सुमारास शहराच्या दक्षिणेला नाइन वेल्सच्या झऱ्यांपासून कालवा काढून ते गावात आणलं. एका कडेला पेम्ब्रोक कॉलेज म्हणून तो 'पेम', समोर पीटरहाउस म्हणून तो 'पॉट'. चौकातलं जुनं कारंजं १८५६ मध्ये उचलून लेन्सफील्ड रोडच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलंय, तेही दाखवायला आले. कात्रजचा नळ याच्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. मी त्यांना कात्रज समजावायचा प्रयत्न केला, माझ्या इंग्रजीत. त्यांनी मान डोलावली फार छान.

तर, तुम्हाला तिथे किंवा आसपास असं काय सापडलं? किंग्जचे फोटो नकोत कृपया.

दुपारचा_चहा
मस्त धागा. तो कालवा हॉब्सनच्या नावाने आहे ना? हा हॉब्सन घोडे भाड्याने द्यायचा. दाराजवळचा घोडा घ्यायचा, नाहीतर चालायला लागा. त्यावरून इंग्रजीत म्हणच पडली. आमच्या सासूबाईंचं तेच धोरण होतं: पिठलं खा नाहीतर उपास कर.

सायकलस्वार
ताई, चाक अडकणं हा तिथला दीक्षाविधी आहे. मी एमफिलच्या पहिल्या आठवड्यात सायकलसकट आत. वर्गात ओल्या बुटांनी गेलो, प्राध्यापक फक्त म्हणाले, पेम की पॉट?

माझ्यातर्फे: हंटिंग्डन रोडवरून आत एक बारीक गल्ली जाते, शेवटी असेन्शन पॅरिशची दफनभूमी. पाटी चुकली तर सापडत नाही. आमच्या वाड्याचं परसू असेल तेवढीच जागा, गवत वाढलेलं, पण माणसं बघा: तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन, खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन, मानववंशशास्त्रवाला फ्रेझर, नेपच्यूनचं गणित मांडणारा ॲडम्स. विट्गेन्श्टाइनची तर साधी आडवी शिळा, नाव आणि साल, बस्स. लोक त्यावर नाणी ठेवतात. मी गेलो तेव्हा काड्यांची एक इवलीशी शिडी होती. मीही दहा पेन्स ठेवले आणि मग बसला सुटे कमी पडले, चालत आलो.

टिंब_टिंब
वाचतेय. होडीतून पाण्यात पडलेलं कोणी आहे का? मीच एकटी असेन तर गप्प बसते.

दुपारचा_चहा
@टिंब, आमच्या ह्यांची होडी ढकलायची काठी चिखलात अडकली. हे काठीला धरून राहिले, होडी पुढे गेली. दोन सेकंद हवेत होते. उरलेलं ओळखा.

कोकणकडा
आम्ही दापोलीचे, त्यामुळे केंब्रिज म्हणजे सिनेट हाउस. मुर्डीच्या परांजप्यांचा मुलगा तिथे १८९९ साली गणितात पहिला आला (एकाशी विभागून, पण पहिला). पहिला भारतीय सीनियर रँग्लर. सेंट जॉन्सचा विद्यार्थी. 'रँग्लर' नावाला जन्मभर चिकटलं. तेव्हा निकाल या इमारतीत मोठ्याने क्रमवार वाचून दाखवत. १९०९ नंतर क्रम जाहीर करायचाच बंद केला. शेजारच्या बोळातून रोज शेकडो लोक सायकली ढकलत जातात. मी कठड्याशी उभा राहून वडिलांना फोन लावला. रेंज नव्हती. दापोलीत. केंब्रिजला होती.

लिंबू_सरबत
मुर्डी म्हणजे आंजर्ल्याच्या अलीकडे? कड्यावरच्या गणपतीला जाताना लागतं का? आमचं कुलदैवत त्या बाजूला. सॉरी, अवांतर.

कोकणकडा
हो, तेच. व्यनि (खासगी निरोप) करा, जेवायची सोय सांगतो.

निळी_छत्री
सायकलस्वार यांनी ॲडम्स काढला म्हणून. मॅडिंग्ली रोडला वेधशाळा आहे. हिवाळ्यात बुधवारी संध्याकाळी कोणालाही दुर्बिणीतून आकाश दाखवायचे. तिथे नॉर्थम्बरलंड नावाची थोराड जुनी दुर्बीण आहे. १८४६ मध्ये तिथल्या चॅलिस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने तिच्यातून नेपच्यूनचा शोध चालवला होता, तो त्याला दिसलासुद्धा, पण ओळखलाच नाही. मग बर्लिनवाल्यांनी बाजी मारली. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. घरभर चष्मा शोधते आणि तो डोक्यावर असतो.

आम्ही तीन बुधवार गेलो, तिन्ही वेळा ढग. व्याख्यान ऐकलं आणि परत. पण त्याच आवारात फ्रेड हॉइलने १९६७ मध्ये सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था काढली, आणि सुरुवातीच्या मंडळींत आपले जयंत नारळीकर होते. हॉइलचा पुतळा आहे तिथे. नारळीकर गेले त्या दिवशी, मे २०२५, नवऱ्याने त्या पुतळ्यापाशी काढलेला जुना फोटो शोधून काढला. मी फोटोत डोळे मिटलेत.

पाटा_वरवंटा
न्यूमार्केट रोडला राहायचो, दोन वर्षं. मोठमोठी दुकानं, गाड्या, आणि मधेच रेल्वेच्या पुलापाशी एक एवढंसं दगडी चॅपल. सहा महिने मला ते बंद पडलेलं गोदाम वाटत होतं. ते ११२५ च्या सुमाराचं निघालं, कुष्ठरोग्यांच्या धर्मशाळेचं. गावाबाहेर ठेवायचे ना त्यांना. त्यांच्या पोटापाण्यासाठी जॉन राजाने जत्रा भरवायची परवानगी दिली आणि ती स्टरब्रिजची जत्रा पुढे एवढी फुगली की युरोपातल्या मोठ्या जत्रांत गणली जायची. न्यूटनने प्रकाशाच्या प्रयोगांसाठीचा लोलक तिथे घेतला असं सांगतात. शेवटची १९३३ मध्ये भरली, तोवर नुसती नावाला उरली होती. चॅपलमध्ये म्हणे मधल्या काळात जत्रेच्या दुकानांचं सामान ठेवायचे, म्हणजे माझं गोदाम अगदीच चूक नव्हतं!!

जत्रा गेली पण गल्ल्यांची नावं राहिली. गार्लिक रो, ऑइस्टर रो, मर्सर्स रो. आम्ही लसूण आळीत राहायचो आणि लसूण आणायला मिल रोडला जायचो.

लिंबू_सरबत
लसूण आळी! पत्ता सांगताना किती छान.

दुपारचा_चहा
त्यात काय, आमच्याकडे पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, भिकारदास मारुती. गोऱ्यांना समजावून दाखवा एकदा.

भातुकली
खुन्या मुरलीधर मी त्या आजोबांना सांगितला होता. त्यानंतर ते सायकलवर बसले.

टिंब_टिंब
🤣🤣 ताई

उंबरठा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ग्रेट सेंट मेरीजच्या मनोऱ्यावर चढा, १२३ पायऱ्या, गुडघे असतील तर. पण खरी गोष्ट खाली उभं राहून ऐकायची. घड्याळाचे पाव-पाव तासाचे टोल वाजले आणि मी थबकले, हे तर आमच्या आजोळच्या भिंतीवरचं घड्याळ! मामा दर रविवारी चावी द्यायचा ते. १७९३ मध्ये ती धून या चर्चसाठी केली, पुढे लंडनच्या बिग बेनला उचलली, आणि सगळं जग तिला लंडनची समजतं. केंब्रिजवाले ही दुरुस्ती न विचारता करतात. मामाच्या घड्याळाचे सात ठोके पडायचे तेव्हा खरे सहा वाजलेले असायचे, पण सूर पक्का.

सायकलस्वार
अजून एक, पटकन. सिडनी ससेक्स कॉलेजात इंग्लंडचा राजा हटवणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलचं डोकं पुरलंय. १९६० मध्ये. नक्की कुठे ते सांगत नाहीत, फक्त पाटी आहे. तीनशे वर्षं ते डोकं या हातातून त्या हातात फिरत होतं. मित्राला दाखवायला नेलं तर म्हणाला, म्हणजे बघायचं काय? त्याचंही बरोबर.

मधुरा_अँड_कं
इथे विचारलं तर चालेल का? मुलगा सप्टेंबरमध्ये तिकडे जातोय. कुकर द्यावा का? आणि थंडीसाठी इथून जाकीट घ्यायचं की तिथे?

निळी_छत्री
जाकीट तिथेच. इथलं तिथल्या वाऱ्याला पुरत नाही. सपाट मुलूख आहे, वारा थेट समुद्रावरून येतो.

पाटा_वरवंटा
कुकर द्या, तीन लिटरचा. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग सगळं मिल रोडला मिळतं. तिथेच मागे जुनी दफनभूमी आहे, झाडी दाट, डब्यातला पोळीभाजीचा रोल खायला बाकं उत्तम. मुलाला सांगा.

मधुरा_अँड_कं
दफनभूमीत जेव म्हणून सांगू? 😳

सायकलस्वार
काकू, तिकडे ते बागेसारखंच असतं. गाईसुद्धा गावात चरतात, मिडसमर कॉमनवर, भर वस्तीत. पहाटे घरी येताना धुक्यात एक तांबडी गाय समोर आली होती. मी "हो हो, हं हं" करून मराठीत तिला वळवली. वळली.

कोकणकडा
वाऱ्यावरून आठवलं. मॅडिंग्लीला टेकडीवर अमेरिकन सैनिकांचं स्मारक आहे. पांढऱ्या क्रूसांच्या कमानीसारख्या रांगा, ३,८०० च्या वर. आणि बेपत्ता झालेल्यांची लांब भिंत, तिच्यावर पाच हजारांहून जास्त नावं. आम्ही सहल समजून चिवडा घेऊन गेलो होतो. पुडा कोणी फोडला नाही.

उंबरठा
मी पुढच्या महिन्यात परत जातेय, आठवडाभर. ताई, तुमच्या पेम-पॉटचा फोटो पाठवू का?

भातुकली
पाठवा! पाणी असलं तर. आणि नात आता सातवीत आहे, तिला तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. म्हणाली, आजी, तू मला गटारात टाकलं होतंस हे तू आईला कधी सांगितलं नाहीस.

मधुरा_अँड_कं
तीन लिटरचा कुकर सामानात बसतो का हो? शिट्टी वेगळी बांधावी लागते का?

पाटा_वरवंटा
शिट्टी मोज्यात. आणि कुकरच्या आत लाडू भरा, जागा फुकट घालवू नका.